शतपाक तेल आणि आनंद श्रावकाची मर्यादा

सुगंधी तेल हा केवळ राजवाड्यातील विलासाचा विषय, असा समज रूढ आहे. श्वेतांबर आगमांतील सातव्या अंगात, उपासकदशांग सूत्रात, मात्र तो गृहस्थाच्या व्रतात आला आहे. वाणिज्यग्रामचा आनंद श्रावक बारा कोटी सुवर्णाचा धनी. भगवान महावीरांसमोर बारा व्रते स्वीकारताना त्याने उपभोगाच्या एकेका वस्तूची मर्यादा बांधली: अभ्यंगास शतपाक व सहस्रपाक ही दोनच तेले, उटण्यास एकच सुगंधी पीठ, स्नानास पाण्याचे आठ घडे. तेल त्याने सोडले नाही. त्याची गणती केली. कल्पसूत्रात राजा सिद्धार्थाच्या अभ्यंगातही हीच दोन तेले आहेत.

शतपाक म्हणजे काय? अकराव्या शतकातील टीकाकार अभयदेवसूरी दोन अर्थ देतात. शंभर द्रव्ये शंभर काढ्यांसह शिजवून सिद्ध केलेले ते शतपाक, किंवा ज्याला शंभर कार्षापण खर्च येतो ते. दुसरा अर्थ व्यापारी मनाला अधिक पटावा!

फुलांच्या तेलाची कृती याहून वेगळी. त्यात अग्नी नाही. स्वच्छ तिळांवर ताज्या फुलांचा थर रात्रभर पसरावा, सकाळी कोमेजलेली फुले काढून पुन्हा नवी घालावीत, असे अनेक दिवस. तिळातील स्निग्धांश वास धरून ठेवतो. मग ते तीळ घाण्यात गाळावयाचे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात केतकी, पुन्नाग, चंपक अशा फुलांनी वासित केलेल्या तिळांचे तेल अभ्यंगासाठी सांगितले आहे.

फुले तोडावीत किती, हा प्रश्न अहिंसेचे व्रत पाळणाऱ्या घराला अटळ. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात मंजिष्ठा, व्याघ्रनख, शुक्ती, दालचिनीची साल, कोष्ठ इत्यादींचे चूर्ण तेलात घालून उन्हात तापविले असता चाफ्याचा गंध येतो, असे म्हटले आहे. चाफ्याचे एकही फूल त्यात नाही. पण सुटका इतकी सोपी नव्हे. शुक्ती म्हणजे शिंपला, जीवाचेच कवच; व्याघ्रनखाविषयीही तीच शंका घेतली जाते. दोन्ही गाळली तर तो गंध साधेल का, हे ग्रंथ सांगत नाही.

मराठी घरांत आज दिवाळीचे वासाचे तेल बहुधा बाजारातूनच येते. नागरमोथा, वाळा, कपूरकाचरी, आंबेहळद यांचे उटणे मात्र काही घरांत अजून कुटले जाते. ही विद्या मराठीतही लिहिली गेली होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे (मृत्यू १९६१) यांनी गंगाधराचा 'गंधसार' आणि त्याच्यासोबतचा अनामिक 'गंधवाद' अभ्यासकांच्या नजरेस आणला. त्या गंधवादावरील टीका मराठीत आहे.