शूर, ‘टेव्हे’

* गुस्टाव-आडोल्फ शूर, जन्म १९३१. माग्डेबुर्गजवळ वाढलेल्या या पूर्व जर्मन सायकलपटूला लोक ‘टेव्हे’ म्हणत. १९५८ व १९५९ साली तो हौशी गटात रस्ता-शर्यतीचा जगज्जेता ठरला. १९६० मध्ये याच स्पर्धेत, पूर्व जर्मनीतील झाक्सेनरिंग या शर्यतमार्गावर, बेल्जियमचा व्हांडेनबर्गन त्याच्यावरच डोळा ठेवून राहिला आणि शूरचा सहकारी बर्नहार्ड एकश्टाइन पुढे निसटला. शूर दुसरा आला. त्याची खरी लोकप्रियता या हरण्यातून आली, असे आम्हांला वाटते. १९५८ पासून १९९० पर्यंत तो ‘फोल्क्सकामर’चा, म्हणजे पूर्व जर्मन संसदेचा, सदस्य होता, तिथे यादी एकच असे, तेव्हा त्याला निवडणूक म्हणणे धाडसाचे. जर्मनीच्या एकीकरणानंतर मात्र प्रतिस्पर्धी पक्षांच्या गर्दीतून, १९९८ साली, पीडीएस या पक्षातर्फे तो जर्मन संसदेत, बुंडेस्टागमध्ये, पोहोचला. २००२ पर्यंत तिथे होता. — संपा.