एक तळे, तीन वचने

अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यातील क्लॅमथ फॉल्स या गावात ७ मे २००१ रोजी हजारो माणसे मुख्य रस्त्यावर रांग धरून उभी राहिली. पाण्याने भरलेल्या बादल्या हातोहात पुढे सरकत होत्या आणि शेवटी बंद कालव्यात रित्या होत होत्या. महिनाभर आधी, ६ एप्रिलला, सरकारने जाहीर केले होते की दुष्काळामुळे यंदा तळ्याचे पाणी माशांसाठी राखले जाईल. बहुतेक शेतांना ते मिळणार नाही. हजाराहून अधिक शेतकरी कुटुंबांचे बटाटा, कांदा, लसूणघास यांचे हंगाम त्या एका आदेशाने बुडाले.

‘माणूस मोठा की मासा?’ असा प्रश्न तेव्हा वर्तमानपत्रांनी विचारला. धरणाच्या पाण्यावरून होणारी भांडणे आपल्याला नवी नाहीत, म्हणून मलाही तो प्रश्न प्रथम रास्त वाटला. पुढे या प्रकरणाची कागदपत्रे वाचत गेलो, तेव्हा ध्यानात आले की प्रश्नच चुकीचा होता.

अप्पर क्लॅमथ हे मोठे पण उथळ तळे. त्याच्या पाण्यावर वाढणारी क्लॅमथ नदी सुमारे ४१० किलोमीटर वाहत कॅलिफोर्नियात प्रशांत महासागराला मिळते. या पाण्याचे पहिले वचन १८६४ च्या तहातले. क्लॅमथ, मोडॉक आणि याहूस्किन या आदिवासींनी कोट्यवधी एकर भूमी सरकारला दिली आणि उरलेल्या भूमीवर मासेमारीचा हक्क राखून ठेवला. मासा राहायचा तर पाणी राहिले पाहिजे, एवढे त्यात गृहीत होते.

दुसरे वचन १९०५ चे. त्या वर्षी केंद्र सरकारचा क्लॅमथ सिंचन प्रकल्प मंजूर झाला. पाणथळ जागा कोरड्या केल्या, कालवे काढले, सुमारे दोन लाख एकर जमीन भिजू लागली. दोन्ही महायुद्धांनंतर परतलेल्या सैनिकांना तिथे जमिनी दिल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली तर लोणच्याच्या बरणीतून नावे काढून सोडत झाली. ‘जमीन घ्या, पाणी आम्ही देऊ,’ हा त्या सोडतीचा अर्थ होता. २००१ साली बादल्या घेऊन उभे असलेल्यांत या सैनिकांचे वारसही होते.

तिसरे वचन १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याचे. त्याखाली १९८८ मध्ये तळ्यातील दोन जातींच्या सकर माशांना आणि १९९७ मध्ये खालच्या नदीतील कोहो सामनला संरक्षण मिळाले. (आपल्या बाजारात रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणतात, तो मासा निराळा.) सामन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. कोहोची पिल्ले तर समुद्राकडे जाण्यापूर्वी वर्षभर नदीतच काढतात, त्यामुळे उन्हाळ्यातही त्यांना थंड, वाहते पाणी लागते. सकरसाठी तळे भरलेले हवे, कोहोसाठी नदी वाहती हवी आणि बटाट्यासाठी कालवा. पाणी मात्र त्याच एका तळ्यातले.

पुढच्या वर्षी पारडे उलटे फिरले. फेब्रुवारी २००२ मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने सांगितले की तळ्याची पातळी आणि नदीचा प्रवाह वाढवण्याच्या आदेशाला पुरेसा शास्त्रीय आधार दिसत नाही. मार्चअखेर दोन केंद्रीय मंत्री, गेल नॉर्टन आणि अ‍ॅन व्हेनमन, यांनी स्वतः येऊन कालव्याची दारे उघडली. सप्टेंबरमध्ये समुद्रातून परतणारे सामन नदीच्या खालच्या टप्प्यातील उथळ, उबदार पाण्यात दाटीवाटीने अडकले. कल्ल्यांचा रोग पसरला. कॅलिफोर्नियाच्या मत्स्य खात्याच्या हिशेबाने किमान ३४ हजार मासे मेले; त्यांत बहुतेक चिनूक जातीचे होते. नदीच्या मुखाशी राहणाऱ्या युरोक लोकांसाठी ते नुसते मासे नव्हते. वर्षाचे अन्न आणि धर्म दोन्ही त्यात होते.

एका वर्षी शेतकरी बुडाला, दुसऱ्या वर्षी मासा आणि त्याच्यावर जगणारा आदिवासी. दोन्ही वेळा निवाडा करणारे सरकार तेच होते, ज्याने एकच पाणी तिघांना देऊ केले होते.

या दोन जखमांनंतर मंडळी समोरासमोर बसली. २०१० च्या समझोत्यात शेतकऱ्यांनी नदीवरील चार जुनी वीजधरणे पाडण्यास संमती दिली. बदल्यात आदिवासी आपल्या ज्येष्ठ हक्काचे सगळे पाणी मागणार नव्हते आणि शेतीला कमी पण खात्रीचे पाणी मिळणार होते. मात्र काँग्रेसने त्याला कायद्याचे रूप दिले नाही आणि पाणीवाटपाचा करार २०१५ च्या अखेरीस संपला. दरम्यान, पाश्चिमात्य जलकायद्यातील ‘जो आधी, त्याचा हक्क आधी’ या तत्त्वाने आपले काम केले. २०१३ मध्ये ऑरेगॉनने क्लॅमथ आदिवासींचा हक्क सर्वांत जुना मानला आणि त्याच उन्हाळ्यात वरच्या खोऱ्यातील कित्येक शेतांचे पाणी बंद झाले. २००१ ची भरपाई मागणारे शेतकरी २०१९ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयातही हरले. २०२१ च्या दुष्काळात मुख्य कालवा पुन्हा कोरडा राहिला.

धरणे मात्र गेली. त्यांचा परवाना नव्याने घ्यायचा तर माशांसाठी वाटा बांधाव्या लागणार होत्या आणि तो खर्च पाडण्याच्या खर्चाहून जड होता. चारही धरणे २०२३ आणि २०२४ मध्ये पाडली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये, शंभरहून अधिक वर्षांनी, चिनूक सामन ऑरेगॉनमधील एका ओढ्यात पोहोचला.

या बातमीने जगभर आनंद झाला आणि तो योग्यच होता. पण त्या चार धरणांतून सिंचनाला पाणी मिळतच नव्हते, त्यामुळे ती पाडल्याने तळ्याच्या वाटपाचे भांडण मिटलेले नाही. समझोत्याचा माशाच्या वाट्याचा मोठा भाग प्रत्यक्षात आला. शेतकऱ्याला मिळायची खात्री कागदावरच विरली. सामन आता जसजसा वर सरकेल, तसतसा तो त्या बंद-उघड होणाऱ्या दारांच्या जवळ येईल. तिथे कोणाला किती पाणी, हे दर उन्हाळ्यात नव्याने ठरवायचे की २०१० सारखे सर्वांनी एकत्र बसून, एवढाच प्रश्न उरला आहे. बरणीतून नाव निघालेल्याच्या नातवाला आणि तहावर अंगठा उमटवणाऱ्याच्या पणतवंडाला त्याचे उत्तर सारखेच हवे आहे.