उज्जयिनीचा परमार्थ

उज्जैन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम महाकालेश्वराचे शिखर आणि क्षिप्रेचा घाट उभा राहतो. मराठी माणसाचा या नगरीशी संबंध जुना आहे. महाकालाचे आजचे मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी पुन्हा उभारविले, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. परंतु याच नगरीचा एक पंडित जवळजवळ पंधराशे वर्षांपूर्वी चीन देशी गेला, भारतातील दोन परस्परविरोधी दर्शनांचे ग्रंथ त्याने चिनी भाषेत उतरविले आणि तेथेच देह ठेवला, ही हकीकत आपल्या कानी क्वचितच पडते. त्याचे नाव परमार्थ.

परमार्थाचा जन्म इ.स. ४९९ मध्ये उज्जयिनीस भारद्वाज गोत्री ब्राह्मण कुळात झाला. पुढे तो बौद्ध भिक्षू झाला आणि फिरत फिरत आजच्या कंबोडियाच्या बाजूस असलेल्या फूनान राज्यात पोहोचला. चीनच्या लियांग घराण्यातील सम्राट वू हा बौद्ध धर्माचा मोठा आश्रयदाता होता. त्याच्या निमंत्रणावरून परमार्थ ५४६ मध्ये पोथ्यांचे गठ्ठे घेऊन चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरला व ५४८ मध्ये राजधानीत, म्हणजे आजच्या नानजिंग येथे, सम्राटास भेटला. पण त्याच वर्षी होऊ जिंग नावाच्या सरदाराने बंड केले, राजधानीला वेढा पडला आणि ५४९ मध्ये तो वृद्ध सम्राट बंदिवासात अन्नावाचून मेला. आश्रय गेला. पोथ्या मात्र उरल्या. आणि त्या घेऊन परमार्थ पुढे अनेक वर्षे गावोगाव हिंडत राहिला.

या पोथ्यांत होते तरी काय? त्यांपैकी एक होती ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका आणि तिच्यावरील टीका. सांख्यांचे म्हणणे असे की, विश्वाच्या मुळाशी दोन तत्त्वे आहेत. प्रकृती ही सर्व काही घडविते, पण तिला जाणीव नाही. पुरुष हा केवळ पाहणारा आहे, तो काही करीत नाही. सत्त्व, रज आणि तम हे प्रकृतीचे तीन गुण. आपण स्वतःला प्रकृतीशी एकरूप समजतो म्हणून दुःख भोगतो, आणि हा भेद ज्याला उमगला तो मुक्त झाला. प्रकृती व पुरुष यांची जोडी समजावण्यासाठी टीकाकार आंधळ्याची आणि पांगळ्याची गोष्ट सांगतो. चोरांनी एका तांड्यावर हल्ला केला, लोक वाट फुटेल तिकडे पळाले, आणि मागे एक आंधळा व एक पांगळा उरला. पांगळा आंधळ्याच्या खांद्यावर बसला. एकाने वाट दाखविली, दुसऱ्याने पाय दिले, आणि दोघे मुक्कामी पोहोचले. परमार्थाच्या चिनी ग्रंथात हा व्यापाऱ्यांचा तांडा निघाला आहे तो उज्जयिनीला! हजारो मैल दूर बसून आपल्याच गावाचे नाव चिनी अक्षरांत उतरविताना या भिक्षूच्या मनात काय आले असेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी.

दुसरे दर्शन असंग आणि वसुबंधू या बंधूंचे, म्हणजे विज्ञानवाद. या मताप्रमाणे सांख्यांचा तो अचल पाहणारा पुरुष कोठेच नाही. आहे तो केवळ जाणिवेचा प्रवाह. मग आज केलेल्या कर्माचे फळ उद्या मिळते कसे? त्यावर त्यांचे उत्तर असे की, मनाच्या तळाशी 'आलयविज्ञान' नावाचे एक कोठार आहे आणि प्रत्येक कृतीचे बीज त्यात साठत राहते. फुलांत ठेवलेले तीळ जसे फुले सुकून गेल्यावरही सुवास देतात, तसा कर्माचा वास तेथे मुरतो. अंधारात दोरीला साप समजून आपण भितो, तसेच मनाच्या कल्पनेला बाहेरची वस्तू समजून आपण सुखदुःख भोगतो.

ही दोन मते एकमेकांची कट्टर वैरी. एका सांख्य पंडिताने वसुबंधूच्या गुरूला वादात हरविले, अशी कथा परमार्थानेच चिनी भाषेत दिलेल्या वसुबंधूच्या चरित्रात आहे. तरीही या बौद्ध भिक्षूने सांख्यांचा ग्रंथ टीकेसह उतरविला. चिनी बौद्धांच्या अफाट ग्रंथसंग्रहात भारतातील बौद्धेतर दर्शनांचे जे दोन ग्रंथ आढळतात, त्यांतील हा एक. ज्याचे खंडन करावयाचे त्याचे म्हणणे आधी नीट ऐकले पाहिजे, हा आपल्या जुन्या पूर्वपक्षाचा शिरस्ता त्याने परदेशीही पाळला.

पण परक्या भाषेत शब्द आणावयाचे कोठून? आरंभीच्या काळी चिनी अनुवादकांनी निर्वाणासाठी ताओ मताचा 'अकर्म' या अर्थाचा शब्द वापरला होता. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली छापलेल्या क्रिस्तपुराणात स्वर्गाला वैकुंठ म्हटले, ते याच अडचणीपोटी. ओळखीचा शब्द घेतला तर त्याच्याबरोबर जुना अर्थही येतो. नवा शब्द घडविला तर तो कोणाला कळत नाही. परमार्थाने 'आलय' हा शब्द ध्वनीनेच ठेवला आणि त्याचा अर्थ शिष्यांना समजावला. ह्वेइकाई नावाचा शिष्य लेखणी घेऊन बसे. एकेका वाक्याचा उलटसुलट खल होई आणि अर्थ मनाला पटल्यावरच ते कागदावर उतरे. मुलाने मान हलविली म्हणजे त्याला समजलेच असे नाही, हे आम्हां शिक्षकांना पुरते ठाऊक असते. त्या गुरुशिष्यांच्या श्रमांची किंमत म्हणूनच मला फार वाटते.

५६२ मध्ये परमार्थ मायदेशी येण्यास जहाजावर चढला. वाऱ्याने जहाज पुन्हा चीनच्याच किनाऱ्याला आणले. तो ग्वांगचौ येथे राहिला व तेथे त्याने असंगाचा महायानसंग्रह आणि वसुबंधूचा अभिधर्मकोश हे मोठे ग्रंथ पुरे केले. शिष्यांनी त्याला राजधानीत नेण्याची खटपट केली, पण तेथील प्रतिष्ठित भिक्षूंनी विरोध केला. खचलेला परमार्थ ५६८ मध्ये देहत्याग करण्यासाठी डोंगरावर गेला. शिष्यांनी धावत जाऊन त्याला परत आणले. त्याच वर्षी ह्वेइकाई वारला. पुढच्या वर्षी, ५६९ च्या आरंभी, गुरूही गेला.

त्याचे श्रम व्यर्थ गेले काय? या ग्रंथांच्या अर्थावरून चीनमध्ये पुढे जे मतभेद माजले, त्यांचा निवाडा करण्याच्या ओढीने सातव्या शतकात ह्युएनत्संग भारतात आला. अभिधर्मकोशाचे मूळ संस्कृत आपल्याकडे नाहीसे झाले होते; १९३० च्या दशकात राहुल सांकृत्यायन यांना त्याची पोथी तिबेटात मिळाली आणि पुण्याचे प्रा. वा. वि. गोखले यांनी १९४६ मध्ये त्यातील कारिका प्रसिद्ध केल्या. महायानसंग्रहाचे मूळ संस्कृत मात्र अजूनही मिळालेले नाही. तो चिनी आणि तिबेटी भाषांच्या खांद्यावर बसूनच आपल्यापर्यंत पोहोचला आहे. गोष्टीतला पांगळा असाच उज्जयिनीच्या वाटेला लागला होता.