पिंजऱ्याआधीचा प्रश्न

प्रयोगशाळेतील प्राण्यांचे नियम शिकायला आलेल्या विद्यार्थ्याच्या हातात सहसा आधी फॉर्म पडतात. नोंदणीचा फॉर्म ए, प्रयोगाच्या परवानगीचा फॉर्म बी, वापरलेल्या प्राण्यांच्या नोंदीचा फॉर्म डी. ते नीट भरता आलेच पाहिजेत. पण या विषयाची सुरुवात फॉर्मपासून होत नाही. कोणता प्राणी, किती आणि कोणत्या पिंजऱ्यात, हे ठरण्याच्या आधी एक प्रश्न उभा असतो: जे जाणून घ्यायचे आहे ते प्राण्यावाचून कळणारच नाही का? हे पुस्तक त्या प्रश्नासाठी लिहिले आहे, आणि ते हाती घेणाऱ्या प्रत्येकाचे मनापासून स्वागत आहे, मग तो फार्मसीचा विद्यार्थी असो, प्राणिशास्त्राची प्राध्यापिका असो, की बोईसरच्या एखाद्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाळी करणारा केमिस्ट असो.

या प्रश्नाची दोन्ही टोके आपल्याला मुंबईत एकाच ठिकाणी सापडतात. 1896 साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली, सशांवर तपासली आणि 10 जानेवारी 1897 रोजी स्वतःला टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळला गेली. तिथेच प्लेग संशोधन आयोगाने गिनीपिग वापरून दाखवून दिले की, हा रोग उंदरांवरच्या पिसवा पसरवतात. त्याच परळमध्ये बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय उभे होते, जखमी बैलाला आणि घोड्याला औषधपाणी देणारे. लसीमुळे माणसे वाचली, हे नाकारणारा खोटे बोलतो. सशाला वेदना होतात, हे नाकारणाराही तितकेच खोटे बोलतो. या क्षेत्रात काम करायचे तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य करूनच करावे लागते.

आपला कायदा नेमके हेच करतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या खासगी विधेयकाने ज्याची वाट मोकळी केली, तो प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा 1960 साली झाला. नवे ज्ञान मिळवण्यासाठी, जीव वाचवण्यासाठी किंवा रोगाशी लढण्यासाठी केलेला प्रयोग त्याचे कलम 14 बेकायदा ठरवत नाही. मात्र कलम 17 प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः वाचावे. पुस्तक, प्रतिकृती किंवा चित्रफितीने शिकवता येत असेल तिथे प्रयोग टाळावा, लहान प्राण्यावर भागत असेल तिथे मोठा घेऊ नये, नुसता हात बसावा म्हणून शक्यतो प्रयोग करू नये, असे ते सांगते. रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी 1959 साली इंग्लंडात मांडलेली तीन तत्त्वे, म्हणजे पर्याय शोधा, संख्या कमी करा, वेदना कमी करा, आज जगभर शिकवली जातात. त्याच सुमारास आपल्या संसदेनेही तीच दिशा धरली होती, हे मात्र आपल्या वर्गांत क्वचितच सांगितले जाते. प्रयोगानंतर जगलेल्या प्राण्याच्या पुनर्वसनाचे चौथे तत्त्व भारतीय नियमांनी या तीन तत्त्वांना जोडले आहे.

1998 च्या नियमांपासून प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेला अशा प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय समितीकडे नोंदणी करावी लागते आणि प्रस्ताव तपासणारी स्वतःची एथिक्स कमिटी ठेवावी लागते. मार्गदर्शक सूचनांनुसार अ‍ॅनिमल हाउसचे तापमान 18 ते 29 अंश आणि आर्द्रता 30 ते 70 टक्के हवी. जून ते सप्टेंबर पालघरच्या किनाऱ्यावरची हवा कशी असते, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. म्हणून इथल्या महाविद्यालयाने पिंजरे विकत घेण्याआधी वीज गेल्यावर काय करायचे याची सोय करावी. दमट, कोंदट खोलीत आजारी पडलेल्या उंदरावरून काढलेला निष्कर्ष विज्ञान म्हणूनही टिकत नाही.

डिसेक्शनबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो वाद जवळजवळ मिटला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2014 मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतले डिसेक्शन थांबवायला सांगितले. फार्माकॉलॉजीची बरीच प्रॅक्टिकल्स आता संगणकावर होतात. त्यासाठीचे एक्सफार्म हे सॉफ्टवेअर पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये तयार झाले.

न मिटलेला प्रश्न आपल्या पालघरच्या समुद्राकडे आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीत औषधांचा कच्चा माल बनतो आणि तिचे सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात जाते. औषध कारखान्यांच्या सांडपाण्याचा एक निकष असा आहे: शंभर टक्के सांडपाण्यात 96 तास ठेवलेल्या माशांपैकी 90 टक्के जगले पाहिजेत. म्हणजे पाणी सोडण्यालायक आहे की नाही, हे मासा मरतो की जगतो यावरूनही ठरते. कायद्याच्या व्याख्येत माणूस सोडून प्रत्येक सजीव हा प्राणी आहे, मासासुद्धा. माशांवरील प्रयोगांसाठी केंद्रीय समितीच्या मार्गदर्शक सूचना आल्या त्या 2021 मध्ये. तोवर उंदरासाठी भरभरून लिहिणारे आपण माशाबद्दल जवळपास गप्प होतो. ही तपासणी बंद करा असे मी म्हणणार नाही. ती नसेल तर त्याच विषाची परीक्षा खाडीतला सगळा मासा देईल, आणि सातपाटी-मुरब्याच्या कोळ्यांच्या घरांतली चूल त्याच माशावर पेटते. तारापूरच्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमारांची अखिल भारतीय मांगेला समाज परिषद 2016 साली राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, ती याच काळजीने. पण आता झेब्रा माशाच्या भ्रूणावर करायची चाचणी 2013 पासून आणि ट्राउटच्या कल्ल्यांतील पेशींवर करायची चाचणी 2021 पासून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवून बसल्या आहेत. त्या इथल्या सांडपाण्याला लागू पडतात का, हे तपासण्यासाठी पालघरइतकी योग्य जागा मला दिसत नाही. कारखाना, महाविद्यालय आणि कोळीवाडा इथे एका तासाच्या अंतरात आहेत. एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या प्रबंधासाठी हा विषय घेतला, तर या पुस्तकाचे सार्थक झाले असे मी समजेन.

शेवटी, अशा प्रश्नांचा निवाडा जिथे होतो त्या एथिक्स कमिटीबद्दल. तिच्यात एक जागा शास्त्रज्ञ नसलेल्या, समाजाची जाण असलेल्या सदस्यासाठी राखीव असते. नेमणूक केंद्रीय समिती करते. अनेक ठिकाणी हा सदस्य बैठकीभर बोलत नाही, कारण समोरचा प्रस्ताव त्याला कळेल अशा भाषेत लिहिलेलाच नसतो. माझी प्राध्यापकांना विनंती आहे की, प्रत्येक प्रस्तावाला एका पानाचा मराठी गोषवारा जोडा. त्यात प्राण्याला नेमके काय होणार, ते किती वेळ चालणार आणि प्राण्यावाचून का भागत नाही, एवढे तरी लिहा. आणि त्या सदस्याने तो वाचून नकार दिला, तर कारणासकट तो इतिवृत्तात नोंदवा.