घशातून हृदयापर्यंत

वाचकहो, लहानपणी भारतात घसा दुखल्यावर तुमचे सांधे सुजून ताप आला होता का? तो ऱ्हुमॅटिक ताप असू शकतो. घशातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंशी लढताना शरीर स्वतःच्याच हृदयावर उलटते. सांधे बरे होतात; झडप मात्र पुढे आखडू शकते. १९२५ मध्ये लंडनला हेन्री सूटर यांनी अशी झडप बोटाने मोकळी केली. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वायोमिंगच्या हवाई तळावरील अभ्यासाने दाखवले, की घशावर वेळीच पेनिसिलिन दिले तर हा ताप टळतो. भारतात तो अजून आहे. इथे अमेरिकेत तरुण डॉक्टरांना क्वचितच दिसतो. म्हणून मुलांनो, आईबाबांना त्या जुन्या तापाबद्दल विचारा आणि त्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.