कुराणाची आयत, पोटगी आणि न्यायालय

घटस्फोटित मुस्लिम स्त्रीच्या पोटगीचा प्रश्न १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा दाव्यातील रक्कम होती दरमहा १७९ रुपये २० पैसे. शाहबानो यांच्या बाजूने निकाल देताना सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने फौजदारी संहितेच्या कलम १२५ सोबत कुराणाच्या दुसऱ्या सुरेतील २४१ व्या आयतीचाही आधार घेतला. घटस्फोटितेला रीतीप्रमाणे निर्वाहाची तरतूद द्यावी, असे ती आयत सांगते. निकालानंतर उठलेल्या वादळाला कलमाइतकीच ही आयतही कारणीभूत होती. धर्मग्रंथाचा अर्थ न्यायाधीशांनी लावणे उलेमांना मान्य नव्हते. राजीव गांधी सरकारने १९८६ मध्ये वेगळा कायदा करून माघार घेतली.

महाराष्ट्राला हा वाद नवा नव्हता. हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला आणि २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. दलवाईंनी कुराणातून पुरावे शोधले नाहीत; राज्यघटनेने दिलेला समान अधिकार त्यांना पुरेसा होता. समाजातील बहुसंख्य त्यांच्यापासून दूर राहिले, याचे एक कारण हेच असावे. १९७२ च्या डिसेंबरात मुंबईतच व्यक्तिगत कायद्याच्या रक्षणासाठी मोठे अधिवेशन भरले आणि पुढील वर्षी ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड अस्तित्वात आले.

दुसरा मार्ग ग्रंथाच्या आतून जाणारा. मुंबईचे विचारवंत असगर अली इंजिनिअर यांनी तो आयुष्यभर मांडला. २००७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने तो रस्त्यावर आणला. पती-पत्नीत बेबनाव झाल्यास दोन्ही कुटुंबांतून एकेक पंच नेमावा, असे चौथ्या सुरेतील ३५ वी आयत म्हणते. मग एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक कुराणाला धरून कसा, असा या महिलांचा सवाल होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठाने २००२ मध्येच याच दिशेने निर्णय दिला होता : तलाकला सयुक्तिक कारण हवे, समेटाचा प्रयत्न झालेला हवा आणि ते पतीने सिद्ध करायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी तत्काळ तलाक रद्द केला. त्या बहुमतातील न्या. कुरियन जोसेफ यांनी कुराणातील आयतींचाच आधार घेतला. २०१९ च्या कायद्याने मात्र पतीला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद केली आणि शिक्षेचा प्रश्न पुन्हा राजकारणात गेला.

हे सारे वाचन कोणत्या भाषेत होते, हेही पाहिले पाहिजे. अरबी पाठ मुखोद्गत आहे, अर्थ ठाऊक नाही, अशी अवस्था अनेक घरांत असते. अर्थासाठी मग मौलवींवर विसंबावे लागते. म्हणूनच मराठी अनुवादांना महत्त्व आहे. कौंडण्यपूरला वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. तेथील पवनारच्या विनोबा भावे यांनी अरबी शिकून कुराण मुळातून वाचले आणि निवडक आयतींचे 'कुराणसार' सिद्ध केले.

ग्रंथाच्या आधारे मागितलेला हक्क ग्रंथाच्याच आधारे नाकारलाही जातो, ही या मार्गातील खरी जोखीम. हाजी अली दर्ग्याच्या गाभाऱ्यात स्त्रियांना बंदी घालण्यासाठी विश्वस्तांनी धर्मवचने पुढे केली. ती पुरेशी नाहीत, असे सांगत मुंबई उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी बंदी उठवली. पण २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने अशीच छाननी करून हिजाब हा धर्माचा अनिवार्य भाग नसल्याचे ठरवले आणि विद्यार्थिनी हरल्या. सर्वोच्च न्यायालयात त्या प्रकरणी दोन न्यायमूर्तींचे मतभेद झाले. विद्यार्थिनींच्या बाजूने मत देणारे न्या. सुधांशू धुलिया यांनी तर अनिवार्यतेच्या प्रश्नात शिरण्याचीच गरज नव्हती, असे नमूद केले.

पोटगीच्या मूळ प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी पुन्हा निर्वाळा दिला. १९८६ चा कायदा असला तरी कलम १२५ खालील दाद घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही खुली आहे.