साधी दुखापत

कायद्याच्या मराठीत काही शब्द फार फसवे असतात. 'साधी दुखापत' हा त्यातलाच एक. ज्याला दुखलं त्याला ती साधी कशी वाटणार? पण आपल्या देशात पिढ्यान् पिढ्या घरात मार खाल्लेल्या बाईचं दुःख, त्याची नोंद झालीच तर, बहुतेक वेळा याच दोन शब्दांखाली झाली. या शब्दांचा इतिहास पाहिला की घरगुती हिंसेकडे कायदा इतका उशिरा का वळला ते कळतं.

1860 साली इंग्रजांनी भारतीय दंड संहिता केली. तिच्या 320व्या कलमात 'जबर दुखापती'चे आठ प्रकार दिले होते. डोळा जाणं, कान जाणं, हाड मोडणं, दात पडणं, वीस दिवस तीव्र वेदना होणं, असे. या यादीत न बसणारी मारहाण 323 कलमात जायची. शिक्षा फार तर एक वर्ष कैद किंवा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. गुन्हा अदखलपात्र. म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय पोलिसांना तपासही करता यायचा नाही. शिवाय आपसांत मिटवण्याजोगा. पोलीस ठाण्यातली त्याची भाषा आपल्याला ठाऊक आहे: "एनसी करून घेतलीय, आता घरी जा."

यात मारलं कोणी, हा प्रश्न कुठेच नाही. बाजारात अनोळखी माणसाने मारलेली थप्पड आणि स्वयंपाकघरात नवऱ्याने मारलेली थप्पड, दोन्हींना एकच कलम. कागदावर समता वाटते खरी. पण बाजारात मार खाल्लेला माणूस घरी येऊन दार लावून घेऊ शकतो. घरातच मार खाणाऱ्या बाईने कुठलं दार लावायचं? मी स्वतः नोंदवह्यांत आयुष्य घालवणारा कारकून आहे. ज्या गोष्टीला रकाना नाही ती कागदापुरती घडलेलीच नसते, हे मला रोज दिसतं. 323 मध्ये 'कितव्यांदा' असा रकाना नव्हता.

ही गोष्ट ब्रिटिश मुलखाची. आपल्या गोव्यात तेव्हा पोर्तुगीज कायदा होता, आणि तो तर उघडच नवऱ्याच्या बाजूने होता. 1867 च्या नागरी संहितेत नवऱ्याने बायकोचं रक्षण करावं आणि बायकोने त्याची आज्ञा पाळावी, असं लिहिलेलं. 1886 च्या दंड संहितेचं 372वं कलम तर अंगावर काटा आणणारं. व्यभिचार करताना सापडलेल्या बायकोला नवऱ्याने ठार मारलं तर शिक्षा काय? सहा महिने तालुक्याबाहेर राहायचं! आणि जखम हलकी असेल तर शिक्षाच नाही. पुढे 1910 च्या घटस्फोट कायद्यात छळ आणि गंभीर अपमान ही कारणं आली, एवढाच दिलासा. मुक्तीनंतर 1962 च्या रेग्युलेशनने आपल्याकडे भारतीय दंड संहिता आली आणि तिच्याबरोबर 323ही आलं.

मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला, बिदरजवळच्या कमठाण्याकडे, निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा दंडकायदा होता. तिथे भारतीय दंड संहिता 1951 साली आली. 1956 च्या भाषावार प्रांतरचनेत बिदर म्हैसूर राज्यात गेलं, म्हणजे आजच्या कर्नाटकात. सीमाभागातली बाई आपलं गाऱ्हाणं मराठीत सांगणार आणि ते कन्नडात उतरणार. पण कलम तेच, आणि उत्तरही तेच.

खुद्द इंग्लंडात हा प्रश्न आधीच ऐरणीवर आला होता. फ्रान्सिस पॉवर कॉब या लेखिकेने 1878 साली नवऱ्यांच्या मारहाणीवर घणाघाती लेख लिहिला. त्याच वर्षी तिथे कायदा झाला, की गंभीर मारहाणीत नवरा दोषी ठरला तर न्यायाधीश बायकोला वेगळं राहण्याचा हुकूम देऊ शकेल. मारहाणीचा खटला आणि घरातली सुरक्षितता यांची सांगड तिथे तेव्हा घातली गेली. आपल्याकडे त्याला शंभरावर वर्षं लागली.

आपल्याकडे 1983 पर्यंत सासरच्या छळाला स्वतंत्र गुन्हाच नव्हता. एका टोकाला 323, दुसऱ्या टोकाला खून किंवा आत्महत्येला प्रवृत्त करणं. मधली सगळी वर्षं कोरी. पुण्यातला 1982 चा सारडा खटला आठवा. विवाहितेने मृत्यूपूर्वी लिहिलेली पत्रं न्यायालयापुढे आली, पण प्रश्न मृत्यूचा होता. सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये पतीला निर्दोष सोडलं. पत्रांतलं दुःख हा तेव्हाच्या कायद्यात वेगळा गुन्हाच नव्हता.

देशभरच्या हुंडाबळींविरुद्ध आंदोलनं झाली आणि डिसेंबर 1983 मध्ये 498-अ कलम आलं. दखलपात्र, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद. पण तिथेही मेख होती. आत्महत्येकडे ढकलणारी किंवा जीव, शरीर, आरोग्य धोक्यात आणणारी वागणूक, नाहीतर पैशाअडक्याच्या मागणीसाठी छळ, एवढ्यालाच 'क्रूरता' म्हटलं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने 1990 च्या एका निवाड्यात म्हटलं, की प्रत्येक छळ 498-अ मध्ये बसत नाही. मारहाण आत्महत्या करायला लावण्यासाठी किंवा बेकायदा मागणी पुरी करून घेण्यासाठी होती, हे सिद्ध व्हायला हवं. मग नुसता दारू पिऊन मारणारा नवरा कुठे गेला? परत 323 मध्ये! म्हणून फिर्यादीत 498-अ च्या जोडीला 323, 504, 506 ही कलमं ओळीने लागलेली दिसतात. आरोप म्हणजे पुरावा नव्हे, हेही खरंच. सरसकट अटकेला सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेश कुमार खटल्यात लगाम घातला.

खरा बदल झाला तो 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने. तो ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक, असा सगळा छळ त्यात आला. बाईला त्याच घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश मिळू लागला. तो आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद. जखम केवढी, याऐवजी तिथे काय चाललंय, असं कायद्याने पहिल्यांदा विचारलं.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. 323 चं 115(2) झालं, दंड दहा हजारांपर्यंत गेला, जबर दुखापतीचे वीस दिवस पंधरावर आले. 498-अ चं 85 आणि 86 झालं. साधी दुखापत मात्र अजून अदखलपात्रच आहे.

म्हणून एवढंच सांगावंसं वाटतं. एनसी म्हणजे केस नव्हे, हे बरोबर. पण ती निरुपयोगीही नव्हे. तिची प्रत मागून घ्यावी, सरकारी डॉक्टरचा दाखला जपून ठेवावा. उद्या संरक्षणाच्या आदेशासाठी अर्ज करताना तारखांसकट चार एनसी पुढे ठेवल्या, तर जो रकाना 1860 साली आखलाच नव्हता तो त्या भरून काढतात. आपल्या वाड्यावरच्या एखादीला हे ठाऊक नसेल, तर जरूर सांगा.